‘डोंगरावरचे फूल घरी जगत नाही’: एका मताचा समाचार

नाशिकच्या बागप्रेमींत एक मत इतके रुजले आहे की त्याला कुणी पुरावाच विचारत नाही. अंजनेरीच्या पठारावर, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर, साल्हेरच्या उतारांवर श्रावण-भाद्रपदात जी फुले उमलतात, ती घरच्या बागेत जगत नाहीत, असे हे मत. ते सांगणारी माणसे उथळ नाहीत. त्यांत आयुष्यभर डोंगर तुडवलेले ट्रेकर आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत, केस पिकेपर्यंत रोपवाटिका चालवलेले व्यावसायिक आहेत. डोंगरावर त्यांची माया आहे, याविषयी मला शंका नाही. म्हणूनच या मताचा आदराने, पण सविस्तर समाचार घ्यावासा वाटतो. ते चुकीचे आहे, आणि ज्या शहराला मोगलांनी फुलांवरून गुलशनाबाद म्हटले, त्या शहराच्या बागांत अंगणाबाहेरच्या डोंगरातली फारशी फुले ओळखीची नसावीत, ही त्या चुकीची किंमत आहे.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडला तर पाडण्यात काही अर्थ उरत नाही, म्हणून त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो. ते म्हणतात, ही फुले उंचीची लेकरे आहेत. माथ्यावरची थंड हवा, दिवसदिवस न हटणारे धुके, सतत निथळणारा कातळ यांत ती वाढली; हे सारे शहरातल्या गच्चीवर कुठून आणणार? शिवाय अनुभव त्यांच्या बाजूने आहे. ज्याने ज्याने रोप आणून लावले, त्याचे महिना-दोन महिन्यांत गेले. आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत वजनदार वाटतो: घरी लावता येते असे एकदा जाहीर झाले की लोक खुरपी घेऊन डोंगर चढतील, आणि अंजनेरीसारखे ठिकाण दोन-चार पावसाळ्यांत ओरबाडून निघेल. तेव्हा ‘जगत नाही’ असेच सांगत राहणे शहाणपणाचे.

वाचकहो, निवाडा तुम्ही करायचा आहे. आता उत्तरपक्ष ऐका.

उंचीपासून सुरुवात करू. अंजनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे, नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर. फरक ७०० मीटरचा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, असा ठोकताळा आहे. म्हणजे माथा आणि शहर यांच्यात अंतर पडते ते फार तर साडेचार अंशांचे, आणि तेही ढगाळलेल्या, भिजलेल्या श्रावणात, जेव्हा शहरातही उकाड्याची तक्रार कुणी करत नाही. एवढ्या फरकाने झाड मरते? थंडीच हवी असेल तर निफाडकडे पाहा. ते नाशिकपेक्षाही सखल, आणि तरी हिवाळ्यात राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा तिथेच नोंदले जाते. द्राक्षे वाचवायला शेतकऱ्यांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. थंडी हेच मर्म असते, तर ही फुले निफाडच्या बांधाबांधावर दिसायला हवी होती.

पण याहून मोठी गफलत वेगळीच आहे. कडाक्याच्या थंडीत ही झाडे असतात कुठे? सोनकी एका पावसाळ्याची सोबतीण. मार्गशीर्षात तिची केवळ वाळकी काडी आणि वाऱ्यावर गेलेले बी उरते. कळलावी, रानहळद, कंदीलपुष्प हे सारे तोवर जमिनीखाली कंदाच्या रूपाने निजलेले असतात. ज्या ऋतूत झाड जमिनीवर नसतेच, त्या ऋतूची हवा त्याला लागते, हे म्हणणे टिकणार कसे? उलट वैशाखात त्याच पठारावर जाऊन पाहावे. काळा बेसाल्ट हात लावू देत नाही इतका तापलेला असतो, आणि त्याच्या फटीतल्या चार बोटे मातीत हेच कंद निवांत असतात. ज्या कंदाने तो चटका सोसला, त्याला नाजूक कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हिमालयाशी आपण नकळत केलेली तुलनाही इथे आड येते. हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या आसपास थंडीमुळे झाडे वाढायची थांबतात आणि त्याच्या वर फुलांची कुरणे सुरू होतात. सह्याद्रीत अशी वृक्षरेषा नाही. महाराष्ट्राचा सर्वांत उंच माथा कळसूबाई, तोही १६४६ मीटरच. अंजनेरीचे पठार उघडे आहे ते मुख्यतः मातीच्या अभावाने. थंडीचा तिथे काही संबंध नाही. आपल्या डोंगरफुलांचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे, आणि पूर्वपक्षाने नेमके तेच वाक्य वगळले आहे.

कातळावरची माती नुसती उथळ नसते, ती भुकेली असते. धो धो पाऊस तिच्यातले विद्राव्य सत्त्व दर वर्षी धुऊन नेतो. याचा पुरावा त्याच पठारावर डोळ्यांसमोर आहे. दवबिंदू ही इवली वनस्पती आपल्या चिकट केसांवर किडे पकडून पचवते. सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले येणारी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव फुग्यांत ओढून घेते. वनस्पतीने मांसाहार पत्करावा, हे कशाचे लक्षण? मातीत नत्र नाही याचे. आणि अशा मातीतून आणलेल्या रोपाला आपण घरी काय देतो? काळी माती, निम्मे शेणखत, ओंजळभर गांडूळखत, ओल धरून ठेवायला नारळाचा भुसा, आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. मुळे कुजतात, पाने माजतात, खोड लवते, आणि मग आपण म्हणतो, त्याला डोंगराची हवा लागते. झाड उपासाने मेलेले नसते. ते आपल्या पाहुणचाराने मेलेले असते.

इथे पूर्वपक्ष पावसाचा आधार घेईल. तो रास्त आहे. शहरात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इगतपुरीकडे तो ३००० च्या वर. पण कातळावर पडलेले पाणी थांबत नाही. श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली की पठारावरची माती पायाखाली भुरभुरते, हे डोंगर चढणाऱ्याला सांगावे लागू नये. पावसाची उणीव झारीने भरून काढता येते. निचऱ्याची उणीव कशानेही भरून निघत नाही.

इतर देशांतल्या बागाइतदारांनी हा धडा शंभर वर्षांपूर्वी गिरवला. इंग्लंडमध्ये आल्प्सची फुले सखल प्रदेशात लावण्याचा नाद जुना. खतावलेल्या, ओलसर बागेत ती कुजत. रेजिनाल्ड फॅरर या हट्टी माळ्याने आपल्या लेखनातून पुन्हा पुन्हा सांगितले की या झाडांना हवा आहे तो दगडगोट्यांचा, पाणी न धरणारा वाफा. १९१९ साली त्याचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. आज समुद्रसपाटीलगतच्या लंडनमध्ये, क्यू उद्यानात, जगभरच्या पर्वतांवरची फुले दर वर्षी फुलतात. त्यासाठी पर्वत लंडनला आणावा लागला नाही.

जाणकार प्रतिवादी इथे एक चांगले अस्त्र काढू शकेल, म्हणून तेही मीच पुढे करतो. १९४० मध्ये क्लॉसन, केक आणि हीसी या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी आपले प्रसिद्ध प्रयोग छापले. एकाच रोपाचे तुकडे करून त्यांनी ते ३० मीटर, १४०० मीटर आणि ३०५० मीटर अशा तीन उंचींवर लावले. पर्वतावरचे वाण खाली आणले तरी बुटकेच राहिले, आपल्या मूळ ऋतुचक्राला चिकटून राहिले. समुद्रकाठचे वाण वर नेले ते टिकले नाहीत. म्हणजे प्रत्येक उंचीचे आपापले वाण असतात. मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण यातून काय सिद्ध होते? तिथे फरक तीन हजार मीटरचा होता, इथे सातशेचा. आणि त्या प्रयोगाचा आपल्यापुरता अर्थ लावायचा तर तो असा, की नाशिकच्या बागेत लावायचे बी त्र्यंबकच्या डोंगररांगेतले असावे, सातारा-महाबळेश्वरचे नव्हे. ‘लावू नका’ हा अर्थ त्यातून ओढूनताणूनही निघत नाही.

आता अनुभवाचा मुद्दा. ‘आणले आणि मेले’ ही हकीकत खोटी नाही. तिचा अन्वयार्थ खोटा आहे. रोप आणले जाते केव्हा? फुललेले असताना, म्हणजे भाद्रपदात, जेव्हा झाड आपली सारी शक्ती फुलांत आणि बियांत घालत असते. आणले जाते कसे? वरून धरून, उपटून. कंद खडकाच्या फटीत खोल असतो. तो तिथेच तुटून राहतो आणि हातात येते ती मुळे तुटलेली काडी. ही काडी कोणत्या बागेत जगणार? आणि ज्याने खणून कंदासकट आणले, त्याची गोष्ट तर अधिक दुःखद आहे. आश्विन सरता सरता पाने पिवळी पडली, कार्तिकात झाड जमिनीला मिळाले, आणि घरच्यांनी ‘गेले’ म्हणून कुंडी उलटी केली. ते गेलेले नव्हते. ते निजले होते. आठ महिने निजायचे आणि चार महिने जगायचे, हाच त्याचा धर्म आहे.

माझ्या गच्चीवरच्या एका कुंडीचे उदाहरण देतो, कारण ते कुणालाही पडताळता येईल. कुंडी पसरट, उथळ, तळाला मोठी भोके. आत दोन भाग मुरूम, एक भाग माती, खत नाही. तिच्यात बियांपासून वाढवलेली कळलावी आहे. फाल्गुन ते वैशाख ही कुंडी म्हणजे वाळका मुरूम, वर हिरवे पान नाही. त्या काळात ती जिन्याखाली सावलीत असते आणि तिला थेंबभर पाणी मिळत नाही. ज्येष्ठात वरचा मुरूम बोटाने हलकेच बाजूला केला की खाली नांगराच्या फाळासारखा दुबेळका, फिकट तपकिरी कंद दिसतो. त्याच्या एका टोकाला तांदळाएवढा पांढरा डोळा फुटलेला असतो. ना पाऊस पडला, ना कुणी पाणी घातले. कंदाला ऋतू कळला. मृगाचा पाऊस लागला की कोंब वर येतो, पानाच्या टोकाच्या तणाव्याने जवळच्या काठीला विळखा घालतो, आणि श्रावणात तिच्या पाकळ्या उलट्या वळून पिवळ्याच्या लाल होऊ लागतात. (कळलावीचा कंद जहाल विषारी असतो, लहान मुले आणि गुरे यांच्या हाती-तोंडी लागेल अशा जागी ती लावू नये.) हीच कळलावी तामिळनाडूत तिच्या औषधी बियांसाठी शेतात पीक म्हणून घेतात, तीही सपाटीवर. डोंगरावरचे फूल सपाटीला जगत नाही, हे त्या शेतकऱ्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

आणखी साक्षी हवे आहेत? तेरडा घ्या. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तो रानोमाळ माजतो, आणि गौरीच्या सणाला आपण त्याच्याच फांद्या पुजतो. तो कितीतरी पिढ्यांपूर्वी अंगणात आला. बोंड बोटाने दाबले की बी उडते, आणि पुढच्या वर्षी उंबऱ्यापाशी रोपे. डेलिया मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला; आपल्याकडे हिवाळ्यात तो कुंड्याकुंड्यांतून डोलतो. आणि हृदयाच्या आकाराच्या, ठिपकेदार पानांची जी नाजूक वेल रोपवाटिकांत टांगलेली असते, ती दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या खडकांवरची सेरोपेजिया, म्हणजे आपल्या अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाची सख्खी नातेवाईक. तिला आपण बाल्कनीत सुखाने नांदवतो. तिच्या इथल्या बहिणी मात्र ‘घरी जगत नाहीत’. हा न्याय कोणता?

कंदीलपुष्पांविषयी बोलायचे तर कोल्हापूरला जावे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या जाती लावून, वाढवून, जोपासून दाखवल्या. कोल्हापूर उंचीने जवळपास नाशिकएवढेच. ज्या फुलांना पठाराबाहेर काढणे अशक्य म्हणतात, ती एका विद्यापीठाच्या आवारात वाढली. अशक्य या विशेषणाला याहून स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही.

तरीही सगळी फुले लावता येतात, असा माझा दावा नाही, आणि जिथे पूर्वपक्ष बरोबर आहे तिथे तो मान्य केलाच पाहिजे. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांना कातळावरून सतत झिरपणारे, क्षारविरहित पाणी लागते. नळाच्या पाण्यावर त्यांचा निभाव लागणे कठीण. जमिनीवरच्या आमरींचे, हबेनारियांचे बी धुळीएवढे बारीक, त्यात अन्नाचा कणही नसतो. जमिनीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते. ही फुले घरी आणण्याचा विचारही करू नये. पण चार जातींबद्दल खरे असलेले विधान चारशे जातींना लावणे, हे शास्त्र नव्हे.

आता नीतीचा मुद्दा. तो मला सर्वांत जवळचा आहे, कारण मलाही अंजनेरीची काळजी आहे. तिथले सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प २००६ मध्ये नवी जात म्हणून शास्त्राला कळले, आणि ते नावच त्या डोंगराचे आहे. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथून काहीही उचलणे हा गुन्हा आहे, आणि असलाच पाहिजे. असल्या दुर्मिळ जातीचे बीसुद्धा हौशी माणसाने मागू नये. ते काम परवानगी असलेल्या अभ्यासकांचे आणि वनस्पती उद्यानांचे.

पण ‘जगत नाही’ असे सांगून लूट थांबते, हे गृहीतक तपासा. ज्याला उपटायचे आहे, तो हे वाक्य ऐकूनही उपटतो. त्याला वाटते, माझ्या हाताला गुण आहे. त्याला जे सांगायला हवे होते, ते आपण कधी सांगितलेच नाही: उपटू नकोस, बी घे; डोंगरावरून नव्हे, मालकाला विचारून त्याच्या माळावरून घे; सोनकी घे, कंदीलपुष्प नको. अर्धसत्याने अडवण्यापेक्षा पूर्ण सत्याने शिकवणे अधिक परिणामकारक, यात वाद आहे काय? आणि पुन्हा तेरडाच साक्षीला आहे. डोंगरावरून तेरड्याची रोपे खणून आणणारा माणूस मी पाहिलेला नाही. का आणावीत? घरोघरी आहे. याउलट सफेद मुसळीचे पाहा. बोरिवलीच्या नावाने १९५४ मध्ये वर्णन झालेली ही वनस्पती औषधी मुळांसाठी रानातून खणून नेली जात राहिली. तिची शेती खूप उशिरा उभी राहिली. मागणी आहे आणि लागवड नाही, हीच रानाला सर्वांत घातक अवस्था.

मात्र आमच्या बाजूचे काही उत्साही लोक याच्या दुसऱ्या टोकाला जातात, आणि त्यांनाही इथेच अडवतो. घरोघरी रानफुले लावली की डोंगर वाचला, असे ते म्हणतात. हे तितकेच चुकीचे आहे. कंदीलपुष्प जवळून पाहा. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेला पिंजरा. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत घसरते. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे तिला परतता येत नाही. फूल सुकू लागले, केस मऊ पडले की ती सुटते, सोंडेला परागपिंड चिकटवून, आणि पुढच्या फुलात पुन्हा फसते. या कुळातल्या एका आफ्रिकी जातीबद्दल २०१६ मध्ये सिद्ध झाले की तिचा गंध जखमी मधमाशीच्या गंधाची हुबेहूब नक्कल असतो, आणि अशा मधमाशीच्या अंगातला रस पिणाऱ्या माश्या त्याला भुलून येतात. हा सारा संसार कुंडीत कसा मावणार? नेमकी माशी गच्चीवर नसेल तर फूल येईल, पण शेंग धरणार नाही. कुंडीतले झाड म्हणजे झाड. डोंगर म्हणजे झाड, माशी, बुरशी, कातळ आणि त्यांचे हजारो वर्षांचे साटेलोटे. बाग डोंगराची जागा घेऊ शकत नाही. बाग फार तर डोंगराविषयीचे अज्ञान कमी करू शकते, आणि रोपवाटिकांना बी पुरवू शकते. तेवढेही थोडे नाही.

तेव्हा माझी मागणी मर्यादित आहे. नाशिकच्या रोपवाटिकांनी सोनकी, तेरड्याचे रानवाण, रानहळद आणि कळलावी यांची बियांपासून वाढवलेली रोपे ठेवावीत, आणि बी कोणत्या माळावरचे हे पाटीवर लिहावे. रानातून उपटून आणलेले रोप विकणाऱ्याकडून ग्राहकाने काहीही घेऊ नये. आणि ‘डोंगरावरचे फूल घरी जगत नाही’ हे विधान ज्यांना अजूनही खरे वाटते, त्यांनी एक करावे: मृग लागताच सोनकीचे बी उथळ कुंडीत, मुरमाच्या थरावर भुरभुरावे, माती वर दाबू नये, खत अजिबात घालू नये, उघडीप लागली तरच पाणी द्यावे आणि बाकी तिला एकटे सोडावे. कुंडीत काय उभे आहे, ते हस्त नक्षत्र संपल्यावर सांगावे. तो पुरावा माझ्या विरुद्ध गेला, तर मी हे मत जाहीरपणे मागे घेईन.